घरातली घरघर

सायलेन्सरने जन्मात एकच काम मन लावून, फुकट आणि बिनचूक केलं, आणि त्याच कामाने त्याला तोंडघशी पाडलं. चुकलं म्हणावं तर काहीच चुकलं नव्हतं. घरचा कॉम्प्युटर खरोखर गप्प झाला होता.

बाजारात त्याला सगळे सायलेन्सरच म्हणत. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे गल्लीत ढीगभर होते, पण पंख्याचा आवाज घालवावा तर यानेच. गिऱ्हाईक म्हणे, "फार आवाज करतो हो." हा विचारी, "कसला? घरघर, शिट्टी, टकटक, की नुसता वारा?" गिऱ्हाईक गोंधळे. मग हा दुकानातला छताचा पंखा बंद करी, शटर अर्धं ओढी आणि डोळे मिटून ऐकत बसे. कॉम्प्युटरच्या डब्याच्या पत्र्यावर तळहात दाबल्यावर आवाज मेला तर दोष पत्र्याचा. नाही मेला, तर एकेका पंख्याच्या मधल्या चकतीवर अलगद बोट टेकवून त्याला क्षणभर थांबवायचं. ज्याला थांबवल्यावर खोली हलकी होते, तो चोर. एका गिऱ्हाइकाने मोबाइलवर आवाज मोजून आकडा दाखवला, तर हा म्हणाला, "आवाज किती ते आकडा सांगतो. डोकं किती उठलं, ते थोडंच सांगतो?"

अशा माणसाच्या घरचा कॉम्प्युटर मात्र पिठाच्या गिरणीसारखा दळत असे. गिऱ्हाइकांचं आधी, घरचं सवडीने. आणि सवड काही होत नव्हती.

घर दोन खोल्यांचं. आत स्वयंपाक आणि नवराबायकोचा पलंग, बाहेर बाबांची कॉट, आणि कॉटच्या उशाशी टेबलावर तो डबा. बायको कानाला हेडफोन लावून लोकांच्या रेकॉर्ड केलेल्या मुलाखती टाइप करून द्यायची. बाबांनी उभा जन्म बस चालवलेली. ते म्हणत, "अरे, इंजिनाच्या मांडीला मांडी लावून बसलेला माणूस मी. पण बस ओरडायची ती कुठंतरी पोहोचवायची. हा जागच्या जागी ओरडतो. जगाचा सायलेन्सर तू, घरी कधी बसवणार?"

"रविवारी बसवतो, बाबा."

"कुठल्या, तेवढं सांग."

आता आतली गोष्ट. त्या घरघरीचा नवराबायकोला एक उपयोग होता. दोन खोल्यांमध्ये भिंत नव्हती, प्लायवूडचा आडोसा होता. बाबांबद्दल काही बोलायचं झालं की बायको हळूच म्हणे, "थांबा, आधी मशीन लावून येते." डबा दळू लागला की आतलं एक अक्षर बाहेर जात नसे. सवय अशी अंगवळणी पडलेली की ती सवय आहे हेही दोघं विसरले होते.

आणि अलीकडे बोलायचं फार असे. बायकोला जास्तीचं काम मिळत होतं, पण बाबांचा खोकला, त्यांचा रेडिओ, मध्येच "सूनबाई, चहा झाला का?" यात ते होत नव्हतं. बाबांना थोरल्या ताईकडे पाठवावं असं दोघांच्या मनात घोळत होतं. बाबांना जायचं नव्हतं. जावयाच्या दारात राहणार नाही, हे त्यांनी एकदाच ठणकावून सांगितलं होतं. म्हणून तो विषय घरघरीतच निघायचा आणि घरघरीतच बुडायचा.

पाठवायच्या आधी म्हाताऱ्याचं एक मागणं पुरं करावं, अशी त्याला टोचणी लागली असावी. एका रविवारी सायलेन्सरने खरंच डबा उघडला. आत धुळीची गोधडी. बाबा बॅटरी धरून उभे राहिले. मागच्या पंख्यावर बोट टेकवताच घरघर थांबली, बेअरिंग खलास. त्याने तिथे मोठ्या पात्यांचा, सावकाश फिरणारा पंखा रबराच्या खुंट्यांवर बसवला, आणि डबा पोकळ टेबलावरून उतरवून जमिनीवर जाड रबरावर ठेवला. मग तासभर चालवून आत तापत नाही ना, तेही पाहिलं.

"चालू आहे?" बाबांनी मागे हात धरून वारा पाहिला. "शाबास रे! आज मी तुझं गिऱ्हाईक झालो." आणि समाधानाने कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले.

दुपारी जेवणं आटोपली. बायकोने नेहमीसारखं बाहेर जाऊन मशीन लावलं, आत आली आणि भांडी पुसत नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "ताईंशी बोललात का? मला खोली लागते हो. पुढच्या महिन्यात काम दुप्पट आहे."

"बोलतो. डॉक्टरांनी हवा बदलायला सांगितलंय म्हणू. बाबांना काय कळणार आहे?"

"आणि परत कधी यायचं म्हणाले तर?"

"तेव्हाचं तेव्हा. खरं सांगू? मलाच आता त्यांचा वीट आलाय."

बाहेर कॉट करकरली.

कॉट करकरलेली आत ऐकू आली, तेव्हा दोघांना कळलं, आतलंही सगळं बाहेर गेलं होतं.

तो बाहेर आला तेव्हा बाबा शर्टांच्या घड्या घालत होते.

"ताईला फोन लाव."

"बाबा, ते मी... तसं नव्हतं म्हणायचं."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना? मग उशीर कशाला?" मग आडोशाकडे बघून मोठ्याने, "सूनबाई, तुझा राग नाही. तुला खोली लागते, तू खरं बोललीस."

मुलाकडे न बघता ते म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. आवाज मुळासकट गेला. फक्त एक कर, जुना पंखा परत बसव. कधी आलोच इकडे, तर त्याचीच घरघर बरी. तुम्हालाही बोलायला मोकळीक."

"बसवतो, बाबा."

बाबा जावयाच्या दारात राहायला गेले. बाहेरची खोली बायकोची झाली, काम दुप्पट झालं, आणि दोघं आता कुणी ऐकणारं नसताना कुजबुजत बोलू लागली. सायलेन्सर दुकानात लोकांचे पंखे गप्प करत राहिला. काढलेला पंखा त्याच्या पिशवीत होता, रोज घरी येत होता आणि रोज दुकानात जात होता.

परवा ताईचा फोन आला.

"बाबा कसे आहेत?"

"जेवतात, झोपतात. फारसं बोलत नाहीत. कसला रे पंखा तो? बसवलास का, असं विचारत होते."

"रविवारी बसवतो म्हणावं."

ताई म्हणाली, "असंच म्हणशील म्हणाले. कुठल्या, तेवढं विचारून घ्यायला सांगितलंय."