सुऱ्या घेऊन आलेल्या माहेरवाशिणी

ह्यांच्या बायपासला चार दिवस झाले होते आणि मी देवाशी बोलणं टाकलं होतं. रोज बसने हॉस्पिटल, मग परत पोरिरुआ, परदेशातलं आमचं गाव, आणि रिकामं घर. गौरींचे मुखवटे डब्यातच होते, आवाहनाचा दिवस मी तसाच जाऊ दिला. गौरीजेवणाच्या सकाळी ह्यांनी हॉस्पिटलातून फोनवर विचारलं, "सोळा भाज्या होतायत ना?" सासूबाईंपासून कधी न चुकलेला नैवेद्य. "हो, चाललंय," मी म्हटलं. धडधडीत खोटं, तेही आजारी माणसाशी. फोन ठेवून मी पोटभर रडले.

मदत मागणं माझ्या स्वभावात नाही. इथल्या मराठी मंडळात एक फोन केला असता तर चौघी धावत आल्या असत्या, पण तो फोन माझ्याच्याने होईना. कपडे वाळत घालताना शेजारच्या वार्तीताईंनी कुंपणापलीकडून पूजेचं विचारलं. त्या इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या, धर्माने मुसलमान. "धिस इयर नो," मी म्हटलं, "घरात हातच नाहीत." त्या आत गेल्या.

अर्ध्या तासाने बेल वाजली. दारात वार्तीताई आणि त्यांची जाऊ, डोक्याला रुमाल, प्रत्येकीच्या हातात सुरी. मी घाबरलेच! "फोर हँड्स," वार्तीताई हसून म्हणाल्या. त्यांच्या गावी कुणाकडे कार्य असलं की आसपासच्या बायका बोलावण्याची वाट पाहत नाहीत, आपापली सुरी घेऊन कामाला जातात. "आणि तू आमचा नारळ खवलास ना!" मागे त्यांच्या दूर राहणाऱ्या मुलाकडे नातवासाठी स्लामेतान होतं, म्हणजे शेजाऱ्यांना बोलावून केलेली प्रार्थना आणि जेवण. ह्यांनी मला ड्यूटीवर जाताना तिथे दोन तास आधीच सोडलं. नुसतं बसवेना म्हणून मी नारळ खवला होता. मी ते कधीच विसरले होते.

खोटं कशाला बोलू, सासूबाईंचं सोवळं आठवून मी क्षणभर दार अडवून उभी राहिले. मग बाजूला झाले. चपला काढून दोघी आत आल्या आणि भाज्या चिरायला बसल्या.

दुपारपर्यंत गौरी उभ्या राहिल्या, सोळा भाज्यांचा नैवेद्य झाला. कार्याचं जेवण चारी बाजूंच्या घरी पोचवायचं, ही जावातली रीत. वार्तीताईंनी डबे भरले आणि मला हाताला धरून नेलं. सहा वर्षांत ज्या दारांच्या बेल मी कधी वाजवल्या नव्हत्या, त्या सगळ्या त्या दिवशी वाजवल्या. समोरचे माओरी आजोबा त्यांच्या भाषेत नमस्कार करून म्हणाले, "किया ओरा! हजबंड दिसत नाहीत हल्ली?" ऑपरेशनचं ऐकताच ते गाडीची किल्ली घेऊन आले. त्या दिवसापासून मला बसने जावं लागलं नाही.

हॉस्पिटलात नैवेद्याचा डबा पाहून ह्यांनी विचारलं, "एवढं सगळं एकटीने केलंस?"

"नाही हो," मी म्हणाले आणि सकाळच्या खोट्यासकट सगळं सांगून टाकलं. ह्यांनी डोळे मिटून हात जोडले.

माझ्या दारात त्या दिवशी कोण आलं होतं, याचा काथ्याकूट मी करत नाही. मला मागता येत नव्हतं आणि गौराईने मागण्याची वाट पाहिली नाही, एवढंच जाणते. मला फक्त दारातून बाजूला व्हायचं होतं. तेवढं तिने करवून घेतलं.