झुलाल आबा आणि तळ्याखालचे भुंगे

झुलाल आबा माझे चुलते. वय बहात्तर. कुठलीही वस्तू उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. माझ्या लग्नात आहेरात आलेलं घड्याळ त्यांनी हळद उतरायच्या आत खोललं होतं, आणि ते आजतागायत जुळलेलं नाही.

सोनगीरपासून चार मैलांवर आमचं गाव. गावाला तळं आहे, पण नावाला; दिवाळी झाली की कोरडं ठाक. ते अजून खोल करा, हा आबांचा तीन वर्षांचा हट्ट. अर्ज केले, तालुक्याला हेलपाटे घातले, आणि यंदा एकदाचं मशीन मंजूर झालं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की खोदाई सुरू होणार होती. नेमकी त्याआधी पुनम आली.

पुनम दोंडाईच्यातल्या शेतकऱ्याची पोर, जळगावला संशोधन करते. तळ्याच्या गाळात जुन्या किड्यांचे पंख सापडतात, त्यावरून तळं पूर्वी कसं होतं ते कळतं आणि दुरुस्ती कशी करायची ते ठरवता येतं, असं ती म्हणाली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, तरी मनातल्या मनात हसलो. आबा हसले नाहीत.

"मरेल किडा काय सांगस वं, पोरी?"

"तो कुठे राहत होता ते सांगतो, आबा. पाण्यातली पानं खाणारा भुंगा सापडला तर तिथे पानं होती. शेणातला सापडला तर गुरं येत होती."

आबा तिथेच उकिडवे बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

पहिले दोन दिवस वाया गेले. तळ्यात थरच सापडेनात. वीतभर मातीखाली लगेच मुरूम. "गाळ कुठे गेला?" पुनमने विचारलं.

"बठ्ठा गावनी वावरमा टाका," सगळ्या गावाने गाळ शेतांत नेऊन टाकल्याचं आबांनी ऐटीत सांगितलं. "वीस वरीस झायात. ते काम मीच करेल शे."

एक कोपरा मात्र तेव्हाही कुणी खोदला नव्हता. तिथे शेंदूर लावलेले सात दगड आहेत, साती आसरांचे. पाण्यातल्या देवींची जागा, तिथे कुदळ चालवायची नाही, हा गावचा दंडक. खाली झरा असल्यामुळे ती माती भर मे महिन्यातही ओली असते, आणि ओल्या मातीतच पंख टिकतात. दगडांची दिवाबत्ती आबांची बायको, कमलबाई काकू करतात. त्यांनी बराच विचार केला. "नारळ फोडा, मंग खंदा," त्या म्हणाल्या. "पन दगडेसले हात लावू नका."

दगडांपासून चार हात सोडून कंबरभर खड्डा घेतला. एकेका वितीची माती वेगळ्या पिशवीत भरली. ती चाळायला काकूंची मैद्याची चाळणी गेली, ती गेलीच. नंतर पुनमला घासलेट हवं होतं. रेशनचं घासलेट बंद होऊन किती वर्षं झाली, पण आबांनी कडब्यामागून एक डबा काढला! चाळलेल्या चोथ्यात घासलेट कालवून वर थंड पाणी ओतलं. माती खाली बसली आणि पंखांचे तुकडे तरंगत वर आले. भिंगाखाली बघितले तर हिरवे, निळे, तांबूस. पुनमच्या अंदाजाने ते तीनेकशे वर्षांपूर्वीचे होते, आणि रंग उडालेला नव्हता. पुनम आली तेव्हा हसलो होतो, त्याची लाज वाटली.

आबांना मग जेवणाचीही शुद्ध राहिली नाही. भुंग्यांची इंग्रजी नावं त्यांनी मोडीत काढली आणि पोहणारे, पानखाऊ, शेणातले असे तीन ढीग केले. खालच्या सगळ्या थरांत पोहणारे आणि पानखाऊ भरपूर. ते पानखाऊ पाणकणसावर जगणारे, असं पुनमने सांगितलं.

"पाणकणीस गुडघाभर पाण्यात वाढतं, आबा. म्हणजे तळं उथळ होतं आणि पाणी वर्षभर टिकायचं."

"उथळ?" आबांना ते पटेना. त्यांनी पुन्हा सगळं मोजलं. आकडा तोच आला.

सर्वांत वरच्या थरात खताच्या गोणीचा निळा धागा निघाला. त्याच्यावर ना पोहणारे, ना पानखाऊ. "हे वीसेक वर्षांतलं आहे," पुनम म्हणाली. "तेव्हा काय झालं होतं?"

"पाऊस कमी झाला," मी घाईघाईने म्हणालो.

"पाऊस नही," आबा म्हणाले. "तळले काळी माटी व्हती. ती पानी धरी ठेवे. मी ती फोडीसन मुरूमलगुन गऊ. खोल म्हंजे जास्ती पानी, आस वाटनं माले."

काळी माती फोडली की मुरमातून पाणी झिरपून जातं, हे मी शाळेत शिकवतो; मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढच्या सोमवारी ग्रामसभा होती. सरपंच मोतीलालभाऊंनी मशीन मंजूर करून घेतल्याबद्दल आबांचे आभार मानले, टाळ्या पडल्या. आबा टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"तळं मी मारं," ते म्हणाले.

मग त्यांनी मुरूम, काळी माती, भुंगे, सगळं सांगितलं. कुणी हसलं, कुणी मान हलवली.

"मग मशीन नको म्हणून कळवायचं का, आबा?" मोतीलालभाऊंनी विचारलं.

"नही. येऊ द्या. मन्हा वावरमाथीन काळी माटी काढा नि तळमा दाबा. काठ उतरता करा, गुडघाभर पानी राहीन आसा."

"अहो, त्या गाळावर तुमचा तेवढा एकच तुकडा पिकतो."

"म्हनीसन तर सांगी राहिनू," म्हणत आबा खाली बसले. काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

आखाजीनंतर तिसऱ्या दिवशी मशीन आलं. आबांच्या वावरात पहिली ट्रॉली भरली, तेव्हा काकूही बांधावर येऊन उभ्या राहिल्या.

"वीस वरीस बेस पिके हाई वावर," आबा त्यांना म्हणाले, आणि ट्रॉलीवाल्याला निघायची खूण केली.