खडूची खूण केलेला बार्बेक्यू

वडिलांना बागेसाठी कोळशाचा भक्कम बार्बेक्यू हवा होता. आधीचा पत्र्याचा होता, ऑनलाइन मागवलेला. दोन हिवाळ्यांत वाकला. वांगी आणि रोडगे निखाऱ्यांवरच भाजायचे, हा त्यांचा आग्रह. म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. तिथला एक फॅब्रिकेटर जाड प्लेटचे बार्बेक्यू बनवतो. तीन तयार होते.

वडील रेल्वेत मालडबे तपासत. चाकावर हातोडी मारायची आणि ऐकायचं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर तडा. पास झालेल्या डब्यावर ते खडूने खूण करत. त्यानंतर त्या डब्याला कोणी हात लावत नसे. निवृत्त झाल्यावर त्यांनी कढया, बादल्या, घराचं गेटसुद्धा असंच वाजवून घेतलं. त्या दिवशीही हातोडी आणि खडू सोबत होते.

महिनाभरापूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, कान जवळपास गेलेत. वडिलांना ते मान्य नव्हतं. श्रवणयंत्राची डबी कपाटात तशीच बंद पडून होती. "मले सारं ऐकू येते," ते म्हणत. त्यांना खोटं ठरवण्याची वेळ माझ्यावर येऊ नये, एवढंच मला वाटत होतं.

त्यांनी पहिला बार्बेक्यू ठोकला. खणखणीत. दुसराही तसाच. मी मोबाइल पाहत होते. तिसऱ्याचा एक पाय बद्द वाजला. मी मान वर केली. वडिलांनी खडू काढून त्याच्यावर खूण केली.

"हा पक्का आहे."

"बाबूजी, इसका जोड़ कच्चा है," फॅब्रिकेटर म्हणाला. "दूसरा ले लो."

"भाव की चिंता मत करो," वडील म्हणाले. "माल अच्छा है."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "दीदी, आप ही समझाओ. दो मिनट में वेल्डिंग मार देता हूँ."

मी वडिलांच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं, "बाबा, पायाला वेल्डिंग करून घेऊ?"

"खूण झाल्यावर? खूण झाल्यावर कोणी हात लावते का, बाई?"

नोकरीत मी कितीतरी जणांना अवघड प्रश्न विचारले आहेत. इथे एक साधं वाक्य बोलायचं होतं. ते बोलता आलं नाही. बार्बेक्यू गाडीत चढवला.

रविवारी कोळसा भरण्याआधी मी त्या पायाला विटेचा टेकू दिला.

"वीट काहून लावली?"

"जमीन खालवर आहे, बाबा," मी त्यांच्याकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं.

त्यांनी खाली पाहिलं. खाली सपाट फरशी होती. ते उकिडवे बसले, पाय धरून हलवला, जोडावरून बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं. हातोडी त्यांनी काढली नाही.

"पहिल्या दोघांच्या वेळी तू मोबाइल पाहून राहिली होती," ते म्हणाले. "तिसऱ्याले मान वर केली. मले वाटलं, चांगला वाजला."

मग त्यांनी अंगठ्याने खूण पुसली. काळ्या रंगावर पांढरट फराटा राहिला.

"उद्या वेल्डिंग करून आणू," मी म्हटलं.

ते पायाकडे पाहत होते. त्यांना ऐकू गेलं नाही.