बारीवर लावलेलं माझं शिक्षण

गणित बरं असणं हा आमच्या पिंपळवंडीत गुन्हा आहे. शिक्षा ठरलेली, चार वर्षं इंजिनिअरिंग. आमच्या आळीतल्या तीन पोरांची ती भोगून झाली आहे. एक टोमॅटोचे क्रेट भाड्याने देतो, दुसरा शेतीच्या औषधांच्या दुकानात बसतो आणि तिसरा हिंजवडीत नेमकं काय करतो ते त्यालाही धड सांगता येत नाही. तरीही घरचे माझा नंबर कधी लागतोय याची वाट पाहत होते.

त्यात मी एक उपद्व्याप केला. कुणाला न सांगता पुण्याच्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजात अर्ज केला आणि तिथे नाव लागलं. फीसुद्धा माफ झाली, नाहीतर विषयच संपला असता. त्याच आठवड्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या परीक्षेतही नाव लागलं. दोघांनाही गावच्या यात्रेनंतरच्या सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं.

आमच्या घरात शेवटचा शब्द थोरल्या चुलत्यांचा. त्यांनी लिबरल आर्ट्स हे शब्द ऐकले, त्यातला पहिला सोडून दिला आणि म्हणाले, “आर्ट्सच ना? मग ओतूरला हाय की. सकाळी एश्टीनं जा, दुपारी जेवायला घरी ये.”

“हे तसलं नाही,” मी म्हटलं. “यात इतिहासाबरोबर गणित घेता येतं, अर्थशास्त्राबरोबर नाटक.”

“म्हंजी मिसळ,” चुलते म्हणाले. “आन पावणं बघाया आलं की काय सांगायचं? पोरगी मिसळ शिकली?”

सगळे हसले. मीही हसले असते, पण मला खरंच ती मिसळ हवी होती. नाणेघाटात तो जकातीचा दगडी रांजण आहे ना, तो लहानपणी पाहिल्यापासून माझ्या डोक्यात बसला होता. जकात कोण ठरवायचं, हिशोब कोण ठेवायचं, चुकवणारे कुठल्या वाटेने जायचे? हे प्रश्न गणिताच्या सरांना विचारले की ते इतिहासाच्या बाईंकडे पाठवत आणि बाई परत सरांकडे. मला अशा वर्गात बसायचं होतं जिथून कुणी बाहेर धाडणार नाही.

पप्पांना या वादात मत नव्हतं. त्यांना एकाच विषयावर मत असतं, बैल. आमच्याकडच्या गाड्यांच्या शर्यतीत गाड्यावर माणूस नसतो. पुढे घोडीवर स्वार पळतो, त्याच्यामागे बैल गाडा घेऊन घाट, म्हणजे चढाची धावपट्टी, तोडतात आणि घड्याळात सेकंद मोजतात. त्या एका धावेला बारी म्हणायचं. तर एका संध्याकाळी चुलते माझ्यामागे हात धुऊन लागले असताना पप्पा गोठ्यातून बाहेर आले. हातात बैलांना पाजायची अंडी.

“दादा, यात्रेत आपली बारी पयल्या नंबरात बसली तर पोरगी म्हणंल तिकडं. न्हाई बसली तर इंजिनियर.”

चुलते लगेच कबूल झाले. आमच्या घराण्यात देवाच्या कौलावर शंका घेतील, घाटातल्या घड्याळावर नाही.

माझं डोकंच फिरलं. “माझं शिक्षण बैलांवर लावताय?”

“मंग कुणावर लावू? बैल तरी घरचं हायेत.”

मी पप्पांशी बोलणं टाकलं. आणि दुसऱ्या दिवसापासून, लाजलज्जा सोडून, गोठ्यात राबायला लागले. या बैलांना माझ्याआधी दूध मिळतं म्हणून मी जन्मभर त्यांचा दुस्वास केला होता. आता त्यांच्या पाठीवरून हात फिरवत “भाऊ, जरा मनावर घ्या” असं विनवत होते. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मी बैलांचे धरले.

यात्रेच्या तोंडावर पप्पा आंबेगाव तालुक्यात आत्याच्या घरी गेले. आत्याच्या यजमानांशी त्यांचं कितीतरी वर्षं बोलणं नव्हतं, कारण अर्थात बैल. पण त्यांच्या घोडीचा घाटाघाटांत बोलबाला होता. पप्पा ती घोडी मागून घेऊन आले.

“जिंकायची केवढी ती हौस!” मी चुलीपाशी फणकारले.

आईने भाकरी थापता थापता माझ्याकडे पाहिलं. “येडे, नाक घासून आलाय त्यो तिकडं. जिंकला तर तुला सोडावं लागंल, हे त्याला कळत न्हाई व्हय? त्याला सोडायचंच हाय. पर थोरल्या भावाच्या तोंडावर बोलवत न्हाई.”

माझा राग जागच्या जागी गळाला. आपण किती मूर्ख आहोत ते कळून वाईट वाटलं आणि त्याच वेळी फार बरंही वाटलं.

यात्रेच्या दिवशी आमचा गाडा जुंपला. भंडारा उधळला, झेंडा पडला आणि ती पाहुणी घोडी सुटली ती सुटलीच. काय पळाली! पण आमचे बैल आजवर आमच्या म्हाताऱ्या घोडीमागे पळालेले. ही पुढे कोण चालली आहे तेच त्यांना ओळखू येईना. अर्ध्या घाटात ते थांबले, थोडा विचार केला आणि गाड्यासकट कलिंगडवाल्याकडे वळले.

“घोडीचा पयला नंबर!” माइकवाला ओरडला. “बैल कलिंगड खाऊन येत्याल, पावणं, वाट द्या!”

अख्खा घाट हसत होता. मी ओढणीत तोंड खुपसून रडत होते.

मी खाली पोचले तेव्हा पप्पा बैलाच्या तोंडातून कलिंगडाची साल ओढून काढत होते. चुलते मागून आले. “चला. ठरल्यापरमानं इंजिनियर.”

पप्पांनी मान वर केली नाही. “न्हाई दादा.”

“न्हाई म्हंजी? शब्द दिलावता तू.”

“दिलावता. मोडला.”

“आरं, त्या आर्ट्समधलं तुला काय कळतंय?”

“मला कायबी कळत न्हाई,” पप्पा म्हणाले. “तिला कळतंय.”

थोरल्या भावाला ते ‘न्हाई’ म्हणालेलं मी कधी ऐकलं नव्हतं. चुलत्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि ते बाजूला जाऊन उभे राहिले.

“बघत काय ऱ्हायलीस?” पप्पा माझ्यावर खेकसले. “कळव त्यांला.”

एवढ्या गर्दीत मोबाइलला रेंज कुठली? मी बैलांच्या पिकअपच्या टपावर चढले, फोन डोक्यावर धरला, आणि एक काडी दिसताच होकार कळवून टाकला. खाली पप्पा दोन्ही हातांत कासरे धरून, भावाकडे पाठ करून उभे होते आणि पडशील, खाली उतर, म्हणून माझ्यावर ओरडत होते.