दोन बोटं क्लचवर

नाना पेठेत माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याची बोटं बघतो. नखांत ग्रीस असेल तर माल काढतो, नसेल तर 'मेकॅनिकला घेऊन या' म्हणून सांगतो. लोक मला उद्धट म्हणतात. म्हणोत बापडे. चुकीचा पार्ट नेऊन दुसऱ्या दिवशी तो परत घ्या म्हणणाऱ्या माणसाशी गोड बोलण्यापेक्षा ते बरं.

मैनुद्दीन पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा विशीतला होता, आणि त्याच्या नखांत भरपूर ग्रीस होतं. त्याचे वडील दादामियाँ मार्केट यार्डात व्यापाऱ्यांचे तराजू-काटे दुरुस्त करायचे. पोराने तेच करावं, एवढीच त्यांची अपेक्षा. पोराने वडिलांच्या कानशी घेतल्या खऱ्या, पण त्या कानशींनी एक जुनी मोटरसायकल घासून घासून हलकी केली आणि ती थेट मद्रासला नेली. तिथे शोलावरमला लढाईच्या काळातली विमानांची धावपट्टी होती, तिच्यावर रेस व्हायच्या. पहिल्या वर्षी हा शेवटून दुसरा आला. पुढे दोन-तीन वर्षांत पुढून पहिला आला, आणि एका कंपनीने त्याला आपल्या टीममध्ये पगारावर घेतलं.

पगारी रेसर! पुण्यात ही गोष्ट कुणाच्या पचनीच पडेना. माझ्याच दुकानात एका मास्तरांनी त्याची सगळी हकिकत शांतपणे ऐकून घेतली, कौतुक केलं, आणि जाताना विचारलं, "ते सगळं झालं हो, पण नोकरी कुठे?"

आणि गंमत अशी की पुण्याच्या रस्त्यावर या माणसाइतकं हळू कुणी चालवत नसे. कोथरूडच्या बायका लुनावरून त्याला ओलांडून जायच्या, वर मागे वळून बघायच्या. मी एकदा त्याच्या मागे बसून स्टेशनपर्यंत गेलो आणि माझी गाडी चुकली. म्हटलं, "अरे, तू रेसर ना?"

"तिथे सगळे एकाच दिशेने जातात, शेठ," तो म्हणाला. मी मुकाट पुढच्या गाडीचं तिकीट काढलं.

हा माणूस सोळा वर्षं रेसमध्ये पळाला. त्याला कप मिळाले, पेपरात फोटो आले, हाडं मोडली, जुळली. पण त्याला आयुष्यात खरोखर एकच गोष्ट हवी होती, आणि ती कुठल्याही रेसमध्ये मिळण्यासारखी नव्हती. त्याची बायको नसीमबानू एकदा तरी त्याच्या मागच्या सीटवर बसावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

ती का बसत नव्हती, ते सांगायला हवं. नसीमबानू विश्रांतवाडीची. तिचा थोरला भाऊ जब्बार मैनुद्दीनच्याच टीममध्ये रेसर होता, त्यानेच हे लग्न जमवलं. त्या काळात रेसच्या गाड्या टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या. इंजिन फार तापलं की पिस्टन जागच्या जागी जाम व्हायचा, मागचं चाक अडकायचं आणि माणूस उडायचा. उपाय एकच, त्याच क्षणी क्लच दाबायचा, म्हणजे चाक इंजिनपासून सुटं होतं. म्हणून मैनुद्दीनच्या डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर असत. जेवतानाही ती किंचित वाकडी असत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. "जाम व्हायच्या आधी आवाज बारीक होतो, शेठ. शिट्टीसारखा. तेवढ्यात दाबला की वाचलो," असं तो सांगायचा.

जब्बार या प्रकाराला हसायचा. "हँडल सगळ्या बोटांनी धरावं, मर्दासारखं," म्हणायचा.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी नसीमबानू हौसेने रेस बघायला मद्रासला गेली. प्रेक्षकांच्या अगदी समोर जब्बारचं इंजिन जाम झालं. तो जगला, पण उजवा पाय दोन ठिकाणी मोडला आणि कायमचा आखूड झाला. नसीमबानूने भावाला फरफटत जाताना पाहिलं आणि त्याच धुळीतून तिचा नवरा न थांबता पुढे गेला, तेही पाहिलं.

पुण्याला परत आल्यावर मैनुद्दीनने तिला समजावलं. त्याची दोन बोटं कशी सतत क्लचवर असतात, तो कसा कधी जाम होऊ देणार नाही, वगैरे. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तुमची बोटं क्लचवर. आणि माझ्या हातात काय?"

झालं. त्यानंतर ती त्याच्या गाडीवर बसली नाही. भांडली नाही, रुसली नाही, डबा देत राहिली, कपड्यांवरचे ऑइलचे डाग काढत राहिली, पण सीटला हात लावला नाही. माहेरी जायचं तर बसने. ती विश्रांतवाडीच्या बसमध्ये चढायची आणि हा मोटरसायकलवरून बसच्या मागे. बस थांबली की हा थांबायचा. खिडकीतून ती बघते का, ते बघायचा. बसच्या धुराने तोंड काळं करून घेऊन सासुरवाडीला पोचायचा. मी म्हटलं, "लेका, निदान बसच्या पुढे तरी चालव." तर म्हणाला, "पुढे गेलो तर ती दिसणार कशी?" रेसरच्या तोंडून हे असलं ऐकायचं म्हणजे कमाल झाली!

रेस संपल्या. कंपनीने टीम बंद केली, टू-स्ट्रोक गाड्याही गेल्या. मैनुद्दीनने माझ्या दुकानाजवळच गॅरेज टाकलं. कप पत्र्याच्या कपाटावर ठेवले, त्यांत स्क्रू आणि वॉशर. मुलं मोठी होऊन आपापल्या कामाला लागली. नसीमबानूचे गुडघे गेले, बसच्या पायऱ्या चढवेनात. तेव्हा एक दिवस ती स्वतःच म्हणाली, "गिअर नसलेली, आवाज न करणारी स्कूटर घ्या. मग बसेन."

मैनुद्दीन साठी ओलांडलेला. पण त्या दिवशी तो माझ्या दुकानात असा आला, की बाकी गिऱ्हाइकांना वाटलं याला लॉटरी लागली. नवी कोरी स्कूटर, मागच्या सीटवर त्याने वेगळं कव्हर शिवून घेतलं. पहिल्यांदा ती बसली ती रमजानची खरेदी करायला, मार्केट यार्डात जाण्यासाठी. माझ्या दुकानासमोरून गेले दोघं. तो इतका ताठ बसला होता की मीही काउंटरमागे उभा राहिलो. काय करणार, मलाही बरं वाटलं.

मार्केट यार्डाच्या वळणावर भाजीचा ओला चिखल होता. वेग म्हणाल तर चालणारा माणूसही पुढे जाईल एवढाच. तेवढ्यात शेजारून कुणाची तरी जुनी टू-स्ट्रोक गाडी गेली. तिचा आवाज बारीक झाला. शिट्टीसारखा. आणि मैनुद्दीनची दोन बोटं दाबली गेली.

पण स्कूटरला क्लच नसतो. डाव्या हाताला असतो तो ब्रेक.

म्हणजे इंजिन जाम होत होतं दुसऱ्याचं, आणि याने करकचून दाबला स्वतःचा ब्रेक. स्कूटर आडवी झाली. मैनुद्दीनला खरचटलंसुद्धा नाही, रेसरला पडायचं कसं ते ठाऊक असतं. नसीमबानूचं डावं मनगट मोडलं.

त्याने संध्याकाळी स्कूटरची किल्ली माझ्या काउंटरवर ठेवली. "विकून टाक, शेठ," म्हणाला आणि रडला. शोलावरमला हाडं मोडून आला तेव्हा हा माणूस विनोद करत होता. मी चहा मागवला. जब्बार माझ्या बाकावरच बसलेला होता, आखूड पाय लांब करून. तो म्हणाला, "जित्याची खोड. माझी बोटं क्लचवर नव्हती म्हणून पाय गेला, तुझी होती म्हणून बहिणीचा हात." मी जब्बारला म्हटलं, चहा पी आणि घरी जा.

त्यानंतर मैनुद्दीन गॅरेजला येईना. स्कूटर माझ्या दुकानाच्या बोळात धूळ खात पडली. गिऱ्हाईक मिळालं नाही असं मी त्याला सांगत होतो. खरं म्हणजे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

प्लास्टर निघाल्यावर नसीमबानू दुकानात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "श्रीनिवासभाऊ, किल्ली द्या," म्हणाली.

"वहिनी, विकायची ठरलीय."

"कुणी ठरवली? मला विचारलं?"

मी किल्ली दिली. पुण्यात मला गप्प करणारी माणसं दोनच, नवरा-बायको. कोथरूडला नीरजाबाई म्हणून कुणी आहेत, त्या बायकांना स्कूटर शिकवतात; त्यांचा माणूस येऊन बोळातली स्कूटर घेऊन गेला. नसीमबानू तिकडे रिक्षाने जाऊ लागली, घरी न सांगता. मला कळलं, कारण तिने दोनदा आरसा फोडला आणि नवा माझ्याकडूनच नेला. उधार नाही, रोख.

मग एका सकाळी मी शटर वर केलं, तर समोर स्कूटर उभी. पुढे नसीमबानू, डोक्यावर ओढणी आणि त्यावर हेल्मेट. मागे मैनुद्दीन. त्याने शिवून घेतलेल्या कव्हरवर तो स्वतःच बसला होता.

"विश्रांतवाडीला चाललोय, जब्बारकडे," ती म्हणाली. "बघा ना भाऊ, घरापासून इथवर दहादा म्हणाले, हळू चालव, हळू चालव."

मी मैनुद्दीनला विचारलं, "कसं वाटतंय?"

"भीती वाटते, शेठ," तो म्हणाला. हे त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. "बसल्या बसल्या मी हिला विचारलं, आता माझ्या हातात काय?"

"मग मी म्हटलं, खांदा आहे ना," नसीमबानू म्हणाली आणि तिने स्कूटर चालू केली.

त्याने डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला. दोन बोटं वाकलेलीच होती. चौकातून एक रिक्षा खोकत गेली, तशी ती दाबली गेली. नसीमबानूने मागे न बघता डाव्या हाताने त्या बोटांवर एक चापट मारली आणि स्कूटर पुढे काढली.