इंजिनाखालची हिरवी घाण

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. घाणीवर आहे. घाण दिसली की ती कुठून आली ते शोधायचं, तिथलं तोंड बंद करायचं आणि फिनेल मारायचं, आजवर माझा संसार याच शास्त्रावर चाललाय. त्यामुळे या ग्रुपवरचे भुताचे अनुभव वाचून मला हसूच यायचं... पांढरी साडी काय, पैंजण काय. माझ्या वाट्याला आलं त्यात यातलं काहीही नाही. आधीच सांगते, जेवताना वाचू नका.

आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याच्या पुढे रो-हाऊसमध्ये राहतो. माझा डब्यांचा व्यवसाय आहे. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की शहाबादी फरशीचा छोटासा तुकडा, वर पत्रे, कडेला मोरी. आमचे हे सातपूरला एका कंपनीत मशीनशॉपला होते. कंपनी बंद पडली आणि माणूस आडवा झाला. आजार नाही, ताप नाही — नुसता आडवा. पेपर नको, टीव्ही नको, कुणी भेटायला आलं तर भिंतीकडे तोंड. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, नवस झाले. दुपारी डबे रवाना केले की मी आधी आत जाऊन यांचा श्वास चालू आहे ना ते बघायचे. दोन वर्षं हे असं.

एकदा बळेबळे यांना रिक्षात घालून भंगारवाल्याकडे नेलं. मला मोठ्या शेगडीसाठी लोखंडी स्टँड हवा होता. तिथे ढिगात एक जुनं इंजिन पडलं होतं. विलायती बनावटीचं, हिरव्या शेवाळात माखलेलं. भंगारवाला म्हणाला, देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्यातलं आहे, हिरवळ कापायच्या मशीनचं. पाती नाहीत, रोलर नाही, नुसतं इंजिन. हे उकिडवे बसले, अंगठ्याने त्याची नंबरप्लेट घासली आणि म्हणाले, "कितीला देणार?" कित्येक महिन्यांत या माणसाने स्वतःहून काही विचारलं नव्हतं! त्यांनी अख्खा ट्रक मागितला असता तरी मी घेऊन दिला असता. स्टँड घेतला तो इंजिनासाठीच.

दुसऱ्या दिवसापासून हे उठले. इंजिन मागच्या पत्र्याखाली स्टँडवर बसवलं. पण मॅन्युअल नाही, आणि मॅन्युअलशिवाय स्क्रू फिरवणं म्हणजे यांच्या लेखी पाप. मग लेकीचा जुना लॅपटॉप काढून दोन बोटांनी इंग्रजी टाइप करत बसायचे. असली मशीन जपणाऱ्या लोकांच्या साइट असतात म्हणे. त्यावर इंग्लंडातले एक रिटायर्ड आजोबा भेटले. त्यांच्याकडे मॅन्युअल होतं, पण सुटं झालेलं, माळ्यावर विखुरलेलं. सापडेल तसं एकेक पान स्कॅन करून पाठवायचे. "अगं, पान आलं!" करून हे ओरडायचे, कोपऱ्यावर जाऊन प्रिंट काढायचे आणि मला वाचून दाखवायचे. ऑइल किती, प्लगची फट किती. मला ओ की ठो कळत नव्हतं, पण मी पोळ्या लाटत "हो का!" म्हणायचे. किती बरं वाटायचं सांगू.

पहिलं पान आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी मागचं दार उघडलं. मे महिना. कॉलनीत हिरवी काडी नव्हती. आणि इंजिनाखाली फरशीवर हा एवढा ढीग... ओलं, बारीक कापलेलं गवत. कोमट. त्यात बेडकांचे पाय, गांडुळांचे तुकडे, वर शेंबडासारखा चिकट पापुद्रा. वास असा, की गूळ आंबवून त्यात मेलेला उंदीर टाकावा. मी मोरीवर धावले आणि पोटात होतं नव्हतं ते बाहेर आलं.

मग शास्त्राप्रमाणे शोध घेतला. गटार तुंबलेलं नाही. शेजारचे गावाला. मांजराचं हे काम नव्हे. इंजिनात पेट्रोलसुद्धा घातलेलं नव्हतं, पण त्याच्या धुराच्या नळीच्या तोंडाला एक हिरवा ओघळ लोंबत होता. तो मी कागदाने पुसला. आत आणखी होता.

यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझ्या ओकाऱ्या बघून यांनी इंजिन त्याच दिवशी भंगारात दिलं असतं, आणि स्वतः पुन्हा गादीवर. म्हणून सुपलीने भरलं, फिनेल मारलं, गप्प बसले.

पुढचं पान आलं. सकाळी पुन्हा तेच. नंतर नंतर "पान आलं!" ऐकलं की मी आधी फिनेलची बाटली भरलेली आहे ना ते बघायचे. कोथिंबीर चिरवेना. डब्यातली हिरवी चटणी मी बंद केली, गिऱ्हाइकांना सांगितलं पुदिना महागलाय.

इंग्लंडच्या आजोबांना इंजिनाचा इतिहास हवा होता, भारतात ते कुणी चालवलं वगैरे. हे लगेच तयार! देवळालीला गेलो. बंगल्याच्या जागी आता बिल्डिंग आहे. वॉचमनने सांगितलं, तिथल्या माळ्याचा मुलगा भगूरला राहतो. दगूबाबा. ऐंशीच्या घरातले, ओट्यावर बसलेले. यांनी मोबाइलवर इंजिनाचा फोटो दाखवला.

दगूबाबा बघून बाजूला थुंकले. म्हणाले, "वकतंय का आजून?"

आम्ही तोवर एक अक्षर बोललो नव्हतो.

"ओकतंय म्हणजे? ऑइल लीक व्हायचं का?" यांनी उत्साहाने विचारलं.

बाबांनी यांच्याकडे बघितलंच नाही. मला म्हणाले, "तुमी पुसता?"

माझी मान आपोआप हलली.

"माही माय बी पुसायची. नाकाला पदर लावून. बा ला ठावंच नाय. तो आपला मशिन चालवायचा, गाणी म्हनायचा. लय खुशीत."

"मग?" मी विचारलं.

"मायला लय किळस आली. तिनंच सायबाला सांगून मशिन काढायला लावलं. मशिन गेलं अन् बा आडवा पडला. उठलाच नाय मंग."

"आई काय म्हणाल्या?"

"मरस्तवर येकच म्हनायची... पुसत राह्यले आसते तर काय झिजले आसते का मी."

परत येताना रिक्षात हे म्हणाले, म्हातारा जरा भ्रमिष्ट आहे, पण माळ्याचं नाव मिळालं हे उत्तम झालं. माझ्या नाकात तोच वास होता.

शेवटचं पान आलं, चालू कसं करायचं त्याचं. संध्याकाळी यांनी दोरी ओढली. फटफट करून इंजिन लागलं, निळा धूर आला, आणि हा माणूस... लहान मुलासारखा टाळ्या वाजवत होता हो! शेजारपाजारचे जमले. मी सगळ्यांना चहा केला.

सकाळी दार उघडलं तर घाण पार उंबऱ्यापर्यंत आली होती. इतकी कधीच नव्हती. मी सुपली घ्यायला वळते तोच हे आतून आले, अनवाणी, हातात पान्हा. मी "अहो, थांबा!" म्हणेपर्यंत त्या राड्यातून चालत इंजिनापाशी गेलेसुद्धा. पच् पच् आवाज येत होता. मला येत होता. तसेच ते स्वयंपाकघरात परत आले. बोटांच्या बेचक्यात बेडकाचा पाय अडकलेला.

"पाय धुवा," मी म्हटलं.

त्यांनी खाली बघितलं. पायांकडे, फरशीकडे. "कशाला? आत्ताच अंघोळ झालीय."

त्यांना दिसत नव्हतं. मी खाली बसून माझ्या हाताने त्यांचे पाय पुसले. बेडकाचा तो पायसुद्धा काढला. हे हसायला लागले, "आज वटपौर्णिमा आहे की काय गं?"

आता हे रोज संध्याकाळी इंजिन चालवतात. यामागे काय आहे, मला माहीत नाही. मला एकटीलाच दिसतं म्हणावं, तर मग दगूबाबांच्या आईला काय दिसत होतं? कृपा करून इंजिन टाकून द्या असा सल्ला देऊ नका. आणि सवय झाली असेल असंही म्हणू नका, अजिबात झालेली नाही. आज सकाळीही ओकारी आली. तोंड धुतलं, हातमोजे चढवले आणि बसले पुसायला.

आतून हे विचारत होते, "चहा टाकतोय, तुला आलं घालू का?"