दान घोड्याचं, डोळा पावतीवर

तबेल्यात दोन गोष्टी साठतात. लीद आणि किस्से. लीद मी रोज सकाळी फावड्यानं ओढून बाहेर काढतो. किस्से पोटात राहतात आणि पोट जळतं. म्हणून सांगतो.

पुणतांब्याकडच्या बेलापूरजवळ एका ट्रस्टची पांजरपोळ आहे. म्हातारी, लंगडी, टाकून दिलेली जनावरं तिथं सांभाळतात. गाई-बैल दुसरे बघतात, घोडे माझ्याकडे. घोडा मार्च महिन्यात बदलत नाही. माणूस बदलतो. आर्थिक वर्ष संपत आलं, की ज्यांनी कधी कुत्र्याला भाकरी घातली नाही, ते घोडा दान करायला येतात!

*

एक व्यापारी आला. सोबत दात पडलेला घोडा. उतरल्या उतरल्या म्हणाला, "बाबा, एटी-जीची पावती करा. किंमत पाच लाख लिवा. शर्यतीचा घोडा व्हता."

"व्हता," मी म्हणालो. "तुमी बी कधीतरी तरणे व्हता."

हिशेब बघायला आलेल्या सीए मॅडमनी त्याला समजावलं. करात सूट हवी तर दान पैशातच पाहिजे. घोडा, धान्य, पत्रे, काही दिलं तरी त्यावर सूट नाही.

तो भडकला. "मग काय घोडा फुकट देऊ?"

"अहो, दान म्हंजे दुसरं काय अस्तं?"

*

कर्जतच्या मंगल कार्यालयाचा एक मालक. सगळे त्याला शेठ म्हणत. अर्धा जिल्हा ओलांडून टेम्पोत तांबडी घोडी घालून आणली. हिच्यावर यानं शेकडो नवरदेव मिरवले आणि पुढचा पाय सुजल्यावर हिला दानात काढली!

मॅडमनी त्यालाही तेच सांगितलं. तो ड्रायव्हरला म्हणाला, "वळव टेम्पो. बाजारात इकू."

लंगडी घोडी बाजारात कोण घेतो आणि कशाला, हे न कळायला मी दूधखुळा नाही. टेम्पोपुढे उभा राहिलो.

"सरा बाजूला, बाबा."

"आधी घोडी उतरव. मग सरतो."

लोक जमले, मोबाईल निघाले, तेव्हा घोडी उतरली. आमचे सचिव पीटर सर, निवृत्त शिक्षक, साधी पावती आणि दानपत्र घेऊन आले. सूट मिळत नसेल तर ह्या कागदाचं काय करू, म्हणून शेठनं पावती चुरगाळली. सही केलीच नाही. शिवाय जाताना घोडीच्या तोंडातला लगाम काढून घेतला. "चामड्याचा हाय!" मी माझ्या पंच्यानं तिला खुंट्याला बांधली.

*

एक बिल्डर फार हुशार. सरांना म्हणाला, "सोपं आहे. मी ट्रस्टला चेक देतो. त्याची मला पावती द्या. त्याच पैशातून ट्रस्टनं माझा घोडा विकत घ्यायचा. पैसे मला परत, पावती मला, घोडा तुम्हाला. सगळे खूश!"

सरांनी चष्मा पुसला. "आणि जेलमध्ये कोण जाईल? घोडा?"

*

पुणतांब्याकडचे एक पुढारी बॅनर, हार, फोटोग्राफर घेऊनच आले. पांढराशुभ्र घोडा. भाषण झालं, मुक्या जनावरांवर बोलताना डोळे पुसून झाले. मी घोडा आत घ्यायला गेलो, तर त्यांचा माणूस धावत आला.

"ओ बाबा, आत कुठं न्हेता? भाड्यानं आनलाय. सांच्याला वरात हाय त्याची!"

त्या बॅनरची आम्ही गाढवाला झूल शिवली. तेवढंच दान पदरात पडलं.

*

तांबडीचा पाय मी पावसाळाभर शेकला. शेकताना शीळ घालायचो; शीळ चालू असेपर्यंत ती पाय उचलून धरायची. दिवाळीला ती आवारात दुडक्या चालीनं फिरायला लागली. ही खबर कर्जतला कुणी पोचवली देव जाणे. लग्नसराईच्या तोंडावर शेठ टेम्पो घेऊन हजर!

"घोडी बरी झाली म्हनं. न्हेतो."

"दान केली हुती ना?"

"पावती दावा. पावती न्हाई म्हंजे दान न्हाई! न्हाईतर कोर्टात चला."

ज्यानं पावती चुरगाळली तोच पावती मागत होता! माझे हात शिवशिवले. पण कोर्टाचं नाव निघालं आणि सर मऊ झाले. "बाबा, नेऊ द्या. त्याची सही नाही आपल्याकडे."

मी तांबडीला सोडून शीळ घालत आवारात आणली. शेठ पुढे झाला. "चल गं."

घोडीनं पुढचा पाय उचलला, तो खाली टेकवेचना. तीन पायांवर उभी. शेठनं ओढली. ती लंगडत पुढं सरली आणि मान टाकून थांबली.

ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, हिच्यावर नवरदेव बसवला तर वरात दवाखान्यात जाईल!"

खबर देणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. तेवढ्यात सरांनी दानपत्र पुढे केलं. शेठनं रागारागात सही ठोकली. "घ्या, तुमची लंगडी तुमाला!"

टेम्पो फाटकाबाहेर गेला. धूळ खाली बसली. मी शीळ थांबवली. तांबडीनं पाय टेकवला आणि दुडक्या चालीनं हौदाकडे निघाली.

सर माझ्याकडे बघत राहिले. "बाबा, हे काय?"

मी बादली उचलली. "हौदात पानी कमी हाय, सर."